फॉर्म कोरा दिसतो, कोरा असतोच असं नाही

प्राप्तिकर विवरणपत्रांची मुदत १५ सप्टेंबर २०२५ च्या रात्री आणखी एका दिवसाने वाढली, आणि पोर्टलच्या वेगावर सगळ्यांचं बोलून झालं. पोर्टल अडकलं की निदान बातमी तरी होते. पण बँकेचा किंवा शाळेचा पीडीएफ फॉर्म तासभर खपून भरावा, ईमेलने पाठवावा आणि पलीकडून ‘कोरा आलाय’ असं उत्तर यावं, याची दखल कोणी घेत नाही. उलट ऐकून घ्यावं लागतं, ‘काका, तुम्ही सेव्ह केला नसेल.’

अनेकदा काकांनी सेव्ह केलेला असतो.

पीडीएफच्या रकान्यात दोन गोष्टी वेगवेगळ्या साठवल्या जातात. आपण टाइप केलेली माहिती ही एक आणि ती पानावर कशी दिसावी याचं चित्र ही दुसरी. काही अ‍ॅप फक्त माहिती लिहितात. चित्र तयार करायचं काम फाइल उघडणाऱ्या सॉफ्टवेअरवर सोडतात. त्याने ते केलं नाही की रकाना रिकामा दिसतो. याची खूण अशी: खाते क्रमांकाच्या रकान्यात क्लिक केलं की आकडे दिसतात, बाहेर क्लिक केलं की नाहीसे होतात. असं झालं तर माहिती शाबूत आहे. तेव्हा फॉर्म लगेच पुन्हा भरायला घेऊ नका. तीच फाइल अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये, नाहीतर फायरफॉक्समध्ये उघडून पाहा. खरं म्हणजे अर्जदाराला परत पाठवण्याआधी कार्यालयानेच एवढं करायला हवं.

माहिती खरोखर जाते ती ब्राउझरमध्ये. टॅबमध्ये उघडलेल्या फॉर्मात लिहिलेलं त्या टॅबपुरतंच असतं. क्रोम डाउनलोड करताना बदलांसह हवी की मूळ फाइल, असं विचारतो आणि घाईत मूळ निवडली जाते. म्हणून आधी फाइल उतरवून घ्यावी, मग भरावी.

काही वेळा खोट फॉर्ममध्येच असते. दोन रकान्यांना आतून एकच नाव दिलं असेल, तर पालकाचं नाव लिहिताच विद्यार्थ्याचं पुसलं जाऊन तिथेही पालकाचंच येतं. भरणारा कितीही वेळा दुरुस्त करो, उपयोग शून्य. एक्सएफए प्रकारचे जुने फॉर्म तर मोबाइलवर ‘प्लीज वेट’पुढे सरकतच नाहीत. हा प्रकार २०१७ च्या पीडीएफ २.० मानकाने बाद ठरवला. असे फॉर्म अजून संकेतस्थळावर ठेवणं मला अक्षम्य वाटतं. फॉर्म चढवण्याआधी तो एकदा साध्या फोनवर भरून, दुसऱ्या संगणकावर उघडून पाहायला दहा मिनिटं लागतात. ती न दिल्याचा भुर्दंड पेन्शनर आणि विद्यार्थी भरतात.

तोवर एक उपाय हाताशी ठेवा. भरलेला फॉर्म सेव्ह करा, शिवाय प्रिंटमध्ये जाऊन ‘सेव्ह अ‍ॅज पीडीएफ’ने दुसरी प्रत काढा. या प्रतीत अक्षरं पानाचाच भाग होतात, कुठेही उघडली तरी दिसतात. मात्र तिच्यात पुढे दुरुस्ती करता येत नाही, आणि कार्यालय रकान्यांतली माहिती सॉफ्टवेअरने उचलत असेल तर तिथे ही प्रत चालत नाही. त्यामुळे ईमेलला दोन्ही फाइली जोडा आणि कोणती कशाची, हे मजकुरात लिहा.