पेढीवर नेटवर्क स्विच बसविण्यापूर्वीची सिद्धता

आपल्या नित्य व्यवहारात स्विच म्हणजे दिव्याचे बटण. त्यामुळे दुकानात स्विच बसवावयाचा आहे असे म्हटले, की घरातील वडीलधाऱ्यांना ते दहा मिनिटांचे काम वाटते. आम्हांस येथे ज्या स्विचविषयी लिहावयाचे आहे, तो निराळा. बिलाचा संगणक, गोदामातील काटा, तिजोरीसमोरचा कॅमेरा आणि मुनीमजींच्या मेजावरील प्रिंटर या सर्वांच्या तारा ज्या पेटीत येऊन मिळतात, ती ही पेटी. टपालाची वर्गवारी करणारा कारकून पत्ता पाहून पत्र नेमक्या खणात टाकतो. तद्वत ही पेटी आलेला निरोप त्याच्या पत्त्याप्रमाणे नेमक्या तारेवर पाठविते. ती बंद पडली तर बिल निघत नाही, आणि ती निष्काळजीपणे बसविली तर माणसास इजा होते. या दुसऱ्या गोष्टीविषयीच हा लेख आहे.

आमच्या परिचयाच्या एका पेढीवर वहीपूजनाच्या आदल्या सायंकाळी हे काम घाईने काढण्यात आले. रॅक चाकांवर उभा होता, जमिनीस जखडलेला नव्हता. जड यूपीएस वरच्या फळीवर ठेविलेला, खालचे खण रिकामे. मागील तारा हाती याव्यात म्हणून मालकांच्या पुतण्याने रॅक ओढला, आणि तो सबंध त्याच्या अंगावर कलंडला. शेजारी गुळाच्या ढेपा रचलेल्या होत्या, त्यांवर तो अडकला, म्हणूनच तो मुलगा वाचला.

रॅकची रुंदी १९ इंच असते. हे माप टेलिफोन एक्स्चेंजच्या काळापासून चालत आलेले आहे. उंचीचा एक खण पावणेदोन इंचांचा. स्विच किती खण घेतो हे सर्वजण विचारतात. तो किती खोल आहे हे मात्र कोणी विचारीत नाही, आणि मग पेटीचे दार लागत नाही. प्रथम रॅक जमिनीस किंवा पक्क्या भिंतीस बोल्टने जखडावा. प्लायवुडच्या आडभिंतीवर विसंबू नये. जड वस्तू तळाशी ठेवून भरण्यास खालून प्रारंभ करावा. स्विच खोल व जड असेल, तर पुढील दोन कानांवर त्यास लोंबकळत न ठेविता मागूनही आधार द्यावा. चढविताना माणसे दोन असावीत. एकाने धरावे, दुसऱ्याने स्क्रू आवळावेत. अंगठ्या, घड्याळ व गळ्यातील साखळी आधीच काढून ठेवावी.

आता अर्थिंगकडे वळू. याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आम्हांस अवश्य वाटते, कारण आपल्याकडे याचीच सर्वाधिक हेळसांड होते. अशा यंत्रांच्या विद्युत्पुरवठ्यातील गाळणीतून अगदी अल्प प्रवाह यंत्राच्या धातूच्या अंगावर उतरत असतो. अर्थिंग असल्यास तो जमिनीत जातो. नसल्यास हात लावणाऱ्यास झिणझिण्या येतात. एकाच रॅकमध्ये अशी अनेक यंत्रे असली तर हा प्रवाह साचत जातो, आणि एखाद्यात बिघाड झाला तर सारा रॅकच जिवंत होतो. १९५६ साली भोपाळ राजधानी झाल्यावर जी नवी वस्ती वाढली, तीत आपले तुलसी नगर येते. अशा जुन्या बांधणीच्या जागेत भिंतीवर तीन छिद्रांचा सॉकेट दिसला म्हणजे त्याच्या मागे अर्थची तार आहेच, असे गृहीत धरू नये. परवानाधारक वायरमनकडून मोजणी करून घ्यावी. भोपाळ परिसरात काळी माती पुष्कळ. ती पावसात ओलीचिंब असते व वैशाखात भेगाळते. श्रावणात उत्तम ठरलेला अर्थचा खड्डा मे महिन्यात निकामी निघू शकतो. सबब मोजणी उन्हाळ्यात करावी व खड्ड्यास पाणी घालीत जावे. रॅकला अर्थची तार सर्वांत प्रथम जोडावी व काढताना सर्वांत शेवटी काढावी. नळाच्या पाइपास ती बांधणे म्हणजे धोका शेजाऱ्याच्या न्हाणीघरात पाठविणे होय.

मुख्य बटण बंद केले म्हणजे वीज गेली, हाही एक भ्रम आहे. यूपीएस मागून पुरवठा करीतच असतो, आणि काही स्विचना विजेच्या दोन दोऱ्या असतात. दोन्ही उपटल्याखेरीज आत हात घालू नये.

ज्या स्विचमधून कॅमेऱ्यांनाही त्याच तारेने वीज पुरवावयाची, त्याचा हिशेब आधी मांडावा. २४ कॅमेरे व प्रत्येकी १५.४ वॅट धरले, तर सुमारे ३७० वॅट होतात. यूपीएस या बेरजेवर घ्यावा, दुकानदाराच्या अंदाजावर नव्हे.

रस्त्यापलीकडील गोदामापर्यंत तांब्याची तार उघड्यावरून ताणणे ही आपल्याकडची सर्रास चाल आहे. एकतर अशा तारेची मर्यादा १०० मीटर. दुसरे म्हणजे आषाढातील वीज जवळपास कोठेही पडली, तरी तिचा धक्का त्या तारेने थेट पेढीत येतो. तेथे काचतंतूची केबल टाकावी. मात्र तिच्या टोकात डोळा घालून पाहू नये. आतील प्रकाश दिसत नाही, पण डोळ्यास अपाय करू शकतो. ढग गडगडत असतील तर काम दुसऱ्या दिवसावर ढकलावे. मुहूर्त टळला तरी चालेल.

जागा निवडताना देव्हाऱ्याखालचा कोनाडा टाळावा. तेथे तेल ठिबकते व उदबत्तीची राख पंख्यात ओढली जाते. मिरचीचे वा पिठाचे पोते जवळ नसावे. बहुतेक साधे स्विच ४० ते ४५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनविलेले असतात. भोपाळच्या मे महिन्यात बंद कपाटातील हवा ती मर्यादा सहज ओलांडते. हवा पेटीच्या कोणत्या बाजूने आत शिरते व कोणत्या बाजूने बाहेर पडते, हे सोबतच्या पुस्तिकेत पाहून त्या बाजू मोकळ्या सोडाव्यात.

एवढे झाल्यावर प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी बांधावी, आणि रॅकच्या दारावर आतून एक कागद डकवावा. त्यावर लिहावे: या रॅकची वीज कोणत्या एमसीबीवर आहे, यूपीएस कोठे ठेविला आहे, आणि वायरमनला बोलाविण्याचा नंबर काय. मुनीमजींना वाचता येईल, एवढ्या मोठ्या अक्षरांत.