दिसायला किती प्रकाश पुरतो?

माणसाला दिसू शकणारा सर्वांत मंद प्रकाश किती? न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील सेलिग हेक्ट, सायमन श्लेअर आणि मॉरिस पिरेन यांनी १९४२ साली याचं उत्तर चक्क फोटॉनच्या, म्हणजे प्रकाशकणांच्या, संख्येत दिलं.

प्रयोगाला बसणाऱ्याला आधी किमान अर्धा तास गडद अंधारात थांबावं लागे. मंद प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशींना अंधाराला सरावायला तेवढा वेळ लागतो. चमकही नजरेच्या मध्यावर न पाडता २० अंश बाजूला पाडत, कारण या पेशींची दाटी तिथे असते. (अंधूक तारा किंचित बाजूला पाहिल्यावर दिसतो, तो याच कारणाने.) हिरवट रंगाची ही चमक सेकंदाचा हजारावा भागच टिके.

डोळ्यावर ५४ ते १४८ फोटॉन पडले, की दहापैकी सहा वेळा ‘दिसलं’ असं उत्तर येई. त्यांतले बरेचसे वाटेतच परावर्तित होतात किंवा शोषले जातात. दंडपेशींच्या वाट्याला येतात जेमतेम ५ ते १४, तेही सुमारे ५०० पेशींवर विखुरलेले. म्हणजे एका दंडपेशीला उत्तेजित करायला एकच फोटॉन पुरतो! १९७९ साली बेलर, लॅम्ब आणि याऊ यांनी भेकाच्या दंडपेशीत एका फोटॉनचा विद्युत प्रतिसाद थेट मोजला.

मला या प्रयोगात सर्वांत मोलाचं वाटतं ते ‘दहापैकी सहा वेळा’. तीच चमक कधी दिसे, कधी नाही. दोष केवळ माणसाच्या लक्षाचा नव्हता. सरासरी सात फोटॉन शोषले जात असतील, तर एखाद्या वेळी चार, एखाद्या वेळी दहा शोषले जाणारच. दिसणं आणि न दिसणं यांच्यामध्ये ठाम रेषा नसते, शक्यतेचा चढ असतो.

त्यात माणसाच्या स्वभावाची भर पडते. उत्सुक माणूस जरा शंका आली तरी ‘दिसलं’ म्हणतो. सावध माणूस गप्प राहतो. म्हणून व्हिएन्नात अलिपाशा वझिरी यांच्या गटाने २०१६ साली प्रश्नच बदलला: दोन क्षणांपैकी फोटॉन कोणत्या क्षणी आला, ते सांगा. एकच फोटॉन सुटल्याची खूण मिळालेल्या सुमारे २,४०० फेऱ्यांत ५१.६ टक्के उत्तरं बरोबर आली. नुसत्या अंदाजाने ५० टक्के आली असती. फरक छोटा आहे. पण ज्या फेऱ्यांत माणसाला स्वतःच्या उत्तराची सर्वाधिक खात्री होती, त्यांत बरोबर उत्तरांचं प्रमाण ६० टक्के निघालं.