‘‘काकू, मोबाईल नंबर?’’

साडीच्या दुकानात बिल करताना कॅशियर मान वर न करताच विचारतो, ‘‘काकू, मोबाईल नंबर?’’ मागे रांग असते, पिशवीचे बंद बोटांना काचत असतात. आपण दहा आकडे घडाघडा सांगून मोकळ्या होतो. आठवड्याभरात सेलचे मेसेज सुरू.

नंबर सांगितला म्हणजे जाहिरातींना हो म्हटलं का? दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८च्या नियमांनुसार नाही. जाहिरातीसाठीची संमती वेगळी घ्यायची, तिची नोंद ठेवायची. मेख पुढेच आहे. ही संमती विचारात येते ती तुम्ही डीएनडी, म्हणजे ‘डू नॉट डिस्टर्ब’, नोंदवलं असेल तर. नोंदवलं नसेल, तर तुम्ही राजीच आहात असं धरलं जातं. गप्प बसलेल्याला ‘हो’च्या रांगेत उभं करणारा हा नियम मला उफराटाच वाटतो.

डीएनडीसाठी इंग्रजीत ‘स्टार्ट’ लिहून पुढे शून्य टाकायचं आणि १९०९वर एसएमएस करायचा. सरसकट नको असेल तर बँका, घरं-जागा, शिक्षण असे विषय निवडूनही बंद करता येतात. ‘ओटीपी बंद होतील’ या धास्तीने आमच्या सोसायटीतल्या निम्म्या लोकांनी हे केलेलं नाही. ओटीपी येतच राहतात.

आता पाठवणाऱ्याचं नाव बघा. सुरुवातीला ‘व्हीएम’ असेल तर व्होडाफोन आयडिया, मुंबई सर्कल. पण कामाचं अक्षर शेवटी, डॅशनंतर: पी म्हणजे निव्वळ जाहिरात, एस सेवेचा, टी व्यवहाराचा, जी सरकारी. फेब्रुवारी २०२५च्या दुरुस्तीने हे शेपूट सक्तीचं झालं. जाहिरातीच्या मेसेजमध्येच ‘नको’ म्हणायची सोय द्यावी लागते आणि एकदा नको म्हटलं की ९० दिवस पुन्हा संमती मागायची नाही. तक्रारीलाही आता तीनऐवजी सात दिवस मिळतात. म्हणून वैतागून मेसेज डिलीट करू नका. मजकूर, पाठवणारा, तारीख हे सगळं १९०९ला कळवावं लागतं.

व्हॉट्सॲपला मात्र हे नियम लागू नाहीत, आणि दुकानदारांना ते केव्हाच कळलंय.

बिलासाठी नंबरचा आग्रह धरू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३मध्येच व्यापाऱ्यांना बजावलंय. परवा मी म्हटलं, ‘‘नंबर नाही देत.’’ कॅशियरने पहिल्यांदाच मान वर केली. मग दहा वेळा नऊ दाबलं आणि बिल निघालं.