लिलावाचा कागद नीट वाचा

जपानमध्ये वापरलेल्या गाड्यांची मोठी उलाढाल व्यापाऱ्यांच्या लिलावांत होते. परदेशी ग्राहकासाठी तिथे सभासद निर्यातदार बोली लावतो. गाडी डोळ्यांनी न पाहता घेणाऱ्याची सगळी भिस्त मग लिलावगृहाच्या तपासणीपत्रावर असते.

पत्राच्या कोपऱ्यातला दर्जा सगळ्यांना दिसतो. ४ किंवा ४.५ म्हणजे चांगली, ‘आर’ म्हणजे अपघातानंतर दुरुस्त केलेली. खरी गोष्ट मात्र गाडीच्या छोट्या आराखड्यावर असते. ‘ए’ म्हणजे ओरखडा, ‘यू’ पोचा, ‘डब्ल्यू’ दुरुस्तीची खूण, ‘एस’ गंज. शेजारचा आकडा वाढला की खोटही मोठी. ‘एक्सएक्स’ असेल तर तो पत्राच बदललेला. तपासनिसाने जपानीत खरडलेले शेरे जाणकाराकडून वाचून घेतल्याशिवाय पैसे पाठवू नयेत. गाडी होक्काइदोसारख्या बर्फाळ भागातली असेल तर तळाचे फोटो मागवाच. तिथल्या रस्त्यांवरच्या मिठाने लोखंड खाल्लं जातं.

कागद चांगला असला तरी गाडी आणता येईल का, हे त्या-त्या देशाच्या नियमांवर ठरतं. अमेरिकेत २५ वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला तिथल्या सुरक्षा मानकांतून सूट मिळते. वय उत्पादनाच्या महिन्यापासून मोजतात. १९९९ च्या जानेवारीत बाजारात आलेल्या निसान स्कायलाइन जीटी-आरला (आर-३४) म्हणूनच २०२४ पासून तिथे एवढी मागणी आली.

भारतात नियम नेमका उलटा. वापरलेली गाडी सर्वसाधारणपणे तीन वर्षांहून जुनी चालत नाही, ती उजव्या स्टिअरिंगचीच हवी आणि उतरवायची मुंबई बंदरातच. त्यामुळे आर-३४ चं स्वप्न पाहणाऱ्या इथल्या चाहत्यासाठी हा रस्ता बंद आहे, आणि त्याची हळहळ वाटते.