गणितीय प्रतिमान

गणितीय प्रतिमान : प्रत्यक्ष घटनेतील निवडक राशी व त्यांचे परस्परसंबंध समीकरणांत मांडून केलेली तिची सरलीकृत प्रतिकृती. विद्यापीठीय प्रारंभिक अभ्यासक्रमात याचे एक नेहमीचे उदाहरण म्हणजे डब्ल्यू. ओ. केरमॅक व ए. जी. मॅकेंड्रिक यांनी १९२७ मध्ये मांडलेले साथीच्या रोगाचे प्रतिमान. त्याच्या सोप्या रूपात लोकसंख्येचे ग्रहणशील, बाधित व साथीबाहेर गेलेले (बरे झालेले वा मृत) असे तीन वर्ग कल्पितात. नव्या बाधेची त्वरा पहिल्या दोन वर्गांच्या संख्यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते, असे गृहीत धरतात. ग्रहणशीलांची संख्या विशिष्ट सीमामूल्याहून कमी असल्यास साथ पसरत नाही, हा निष्कर्ष त्यावरून निघतो.

पडताळ्यासाठी त्यांनी मुंबईतील १९०५-०६ च्या प्लेगच्या साप्ताहिक मृत्यूंचे आकडे घेतले. घंटेच्या आकाराचा सैद्धांतिक वक्र त्यांच्याशी उत्तम जुळला आणि पाठ्यपुस्तकांत स्थिरावला. परंतु तो प्लेग मुख्यतः उंदरांवरील पिसवांमुळे पसरत होता. माणसाकडून माणसाला थेट बाधा हे गृहीतक तेथे लागू पडत नव्हते. शिवाय साथ दरवर्षी ऋतुमानानुसार चढत व ओसरत असे. स्थिर सहगुणकांच्या समीकरणांत त्याला स्थान नाही. तीन प्रचल मोकळे ठेवल्यावर एका हंगामाचे आकडे जुळविणे फारसे अवघड नसते. माणसांतील ही साथ उंदरांतील साथीचेच प्रतिबिंब होय, याची दखल मूळ लेखकांनी घेतली होती. वर्गात मात्र बहुधा केवळ आलेखच दाखविला जातो.