पान हरवू नये म्हणून

२०२५ साली राजगडाच्या परिसरात दोन बदल घडले. जुलैमध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांत राजगड आहे. त्याच वर्षी वेल्हे तालुक्याचे नाव अधिकृतपणे ‘राजगड’ झाले. आता समजा, भोर-वेल्ह्याच्या एखाद्या शाळेत परिसर-अभ्यासासाठी बाईंनी तालुक्याचा नकाशा, पावसाचे आकडे, किल्ल्याची माहिती अशी वेबपाने शोधून ‘बुकमार्क’ करून ठेवली आहेत. त्यांनी नेमके काय ठेवले आहे? पान, की पानाचा पत्ता?

बुकमार्कमध्ये साठतो तो फक्त पत्ता. पान दूरच्या एखाद्या सर्व्हरवर असते. संकेतस्थळाची रचना बदलली, किंवा पत्त्यातल्या ‘वेल्हे’च्या जागी ‘राजगड’ आले, की सर्व्हर अनेकदा ‘४०४’ हा आकडा पाठवतो. त्याचा अर्थ, मागितलेले पान येथे नाही. याहून फसवा प्रकार म्हणजे पान उघडते, पण आतला मजकूर बदललेला असतो. काल काय लिहिले होते, ते आज दाखवता येत नाही.

हे किती वेळा घडते? अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. भाटघर धरणात बुडालेले कांबरेश्वराचे देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरले की पुन्हा दिसते. बुडालेले वेबपान असे आपोआप वर येत नाही.

मग पाने ठेवायची कोठे? एखाद्या कंपनीच्या सेवेत ठेवणे सोपे असते. परंतु २०२५ च्या ८ जुलैला ‘पॉकेट’ ही लोकप्रिय सेवा बंद झाली आणि लोकांना आपापल्या याद्या उतरवून घ्याव्या लागल्या. १९९६ मध्ये सुरू झालेले ‘इंटरनेट अर्काइव्ह’ जगभरची पाने जपते व ती कोणालाही पाहता येतात. ते मोलाचे काम आहे. मात्र प्रत्येक पान तेथे असतेच असे नाही, आणि ऑक्टोबर २०२४ मधील हल्ल्यानंतर तेही काही दिवस बंद होते. म्हणून महत्त्वाच्या पानांची एक प्रत आपल्या घरीही असावी.

यासाठी ‘लिंकडिंग’, ‘वॉलाबॅग’, ‘शिओरी’, ‘अर्काइव्हबॉक्स’ असे मुक्त प्रोग्राम मिळतात. ते आपल्याच संगणकावर चालवायचे असतात. पत्ता दिला की प्रोग्राम त्या पानाची नोंद करतो, आपण दिलेले विषयशब्द (‘किल्ले’, ‘पाऊस’, ‘इयत्ता ९’) तिला जोडतो आणि सोय असेल तेथे पानाची प्रतही उतरवून घेतो. नंतर विषयावरून किंवा मजकुरातल्या शब्दावरून पान शोधता येते. हे सारे ग्रंथालयाच्या कार्डासारखेच आहे. फरक इतकाच, की येथे कार्डासोबत पुस्तकही कपाटात असते.

प्रत उतरवणे वाटते तितके सरळ नाही. आपल्याला एक दिसणारे पान प्रत्यक्षात अनेक फायलींचे बनलेले असते. मजकुराची फाइल वेगळी, मांडणीची वेगळी, प्रत्येक चित्र वेगळे. नुसता मजकूर साठवला तर चित्रांच्या जागी रिकामे चौकोन उरतात. म्हणून चांगले प्रोग्राम सर्व फायली गोळा करून एकत्र बांधतात. युनिकोड येण्यापूर्वीच्या मराठी पानांना तर फॉन्टही सोबत लागतो. तो नसेल तर ‘राजगड’ऐवजी निरर्थक रोमन अक्षरे उमटतात.

खर्च फार नाही. शाळेतला एखादा जुना संगणक चालतो, किंवा तळहाताएवढा ‘रास्पबेरी पाय’. एका पानाला सरासरी ३ एमबी धरले, तर १००० पाने ३ जीबीत मावतात. ६४ जीबीच्या साध्या कार्डावरही भरपूर जागा उरते. संगणक राऊटरला जोडला की वर्गातले इतर संगणक व फोन ही पाने उघडू शकतात, आणि त्यासाठी बाहेरचे इंटरनेट लागत नाही. डोंगरातल्या गावांत पावसाळ्यात रेंज गेली तरी धडा थांबत नाही. वीज मात्र हवी.

मर्यादाही लक्षात घ्याव्यात. व्हिडिओ खूप जागा खातात. दर तासाला बदलणारा धरणसाठ्याचा तक्ता साठवला, तर त्या क्षणाचाच आकडा राहतो. म्हणून तारीख नोंदवणे अत्यावश्यक. संगणक बिघडला तर सारेच जाते, तेव्हा दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, शक्यतो वेगळ्या इमारतीत ठेवावी. संग्रह शाळेपुरता ठेवावा, बाहेरच्या जगाला उघडा करू नये. दुसऱ्याचे लेखन अध्यापनासाठी वापरण्यास १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ काही सवलती देते. पण ते पुन्हा प्रकाशित करायला लेखकाची परवानगी हवी.

सुरुवात प्रोग्रामशिवायही होऊ शकते. विद्यार्थ्यांचे गट करून आपल्या तालुक्याविषयीची वीस पाने निवडायला सांगा. प्रत्येकाचा पत्ता, पाहिल्याची तारीख आणि पानातले एक महत्त्वाचे वाक्य वहीत लिहून घ्या. दहा पानांची प्रत साठवा, दहांची मुद्दाम साठवू नका. सहा महिन्यांनी सर्व पत्ते पुन्हा उघडा. किती पाने तशीच आहेत, किती बदलली, किती गेली? वेल्ह्याचे राजगड कोणी केले आणि कोणी नाही, तेही पाहा. जी बदलली किंवा गेली, त्यांत आपल्याकडे प्रत असलेली कोणती? हा तक्ता आम्हांला जरूर पाठवा.