टोपल्या, शिक्षक आणि मैदान : बास्केटबॉलच्या सुरुवातीचा मागोवा

बास्केटबॉलचा जन्म कुठे, कधी आणि कुणाच्या हातून झाला हे पक्कं ठाऊक आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्डला, वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या प्रशिक्षण शाळेत, जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने डिसेंबर १८९१मध्ये तो पहिल्यांदा खेळवला. त्यामुळे सगळं श्रेय एका माणसाच्या कल्पकतेला देऊन आपण मोकळे होतो. मला ते अपुरं वाटतं. खेळाला आकार दिला अडचणींनी, आणि तो जगभर नेला शिकवणाऱ्यांच्या साखळीने. हिवाळ्यात मैदानं बंद पडलेली, विद्यार्थी कवायतीला विटलेले, आणि वरिष्ठ ल्यूथर गुलिक यांनी नवा खेळ काढायला दिलेली मुदत १४ दिवसांची. हॉलच्या कठीण जमिनीवर धसमुसळेपणा परवडणारा नव्हता. म्हणून चेंडू घेऊन पळायचं नाही, कुणाला धक्का द्यायचा नाही, असे नियम झाले. समोर उभा गोल असता तर सगळे जोर लावून चेंडू मारत सुटले असते, म्हणून गोल आडवा करून डोक्यावर नेला. नेस्मिथने खोकी मागितली होती, रखवालदाराकडे निघाल्या पीचच्या टोपल्या. त्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या गेल्या. तिथली उंची दहा फूट भरली, आणि आजही कडं दहा फुटांवरच असतं. टोपल्यांना बूड असल्याने चेंडू आत पडला की तो वर चढून काढावा लागे. पुढे सज्जात बसलेले प्रेक्षक चेंडू अडवू लागले, तेव्हा टोपलीमागे फळी आली. आज या खेळाचं सौंदर्य वाटणाऱ्या कितीतरी गोष्टी अशा त्या इमारतीतून आल्या आहेत.

चांगला खेळ आपोआप पसरतो, असं यावर कुणी म्हणेल. मग खो-खोचं काय? त्याचे नियम पुण्यात डेक्कन जिमखान्याने १९१४मध्ये बांधले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ला बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली, आणि त्याच बर्लिनमध्ये बास्केटबॉल पदकाचा खेळ झाला. वेगात किंवा डावपेचात आपले खेळ उणे नव्हते. फरक होता तो त्यांना खेड्यापाड्यांत आणि परदेशांत नेऊन शिकवणाऱ्या माणसांचा. नेस्मिथचे १३ नियम जानेवारी १८९२मध्येच शाळेच्या पत्रात छापून आले, आणि त्याचे विद्यार्थी पुढे वायएमसीएच्या गावोगावच्या शाखा चालवणारे होते. याच स्प्रिंगफील्डमध्ये शिकलेल्या हॅरी क्रो बक यांनी १९२०मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाची शाळा काढली.

हा मिशनऱ्यांनी लादलेला खेळ, हा आक्षेपही तपासला पाहिजे. मुंबईत नागपाड्याला अमेरिकन मराठी मिशनचं नेबरहुड हाऊस होतं. पण त्या गजबजलेल्या कामगार वस्तीने बास्केटबॉल असा आपलासा केला की तिथल्या मैदानांवर भारताचे खेळाडू घडले. भारताचे कर्णधार झालेले, १९७०चा अर्जुन पुरस्कार मिळालेले अब्बास मुन्तसिर हे नागपाड्याचेच. लादलेल्या खेळावर कुणी पिढ्यान्‌पिढ्या घाम गाळत नाही.

नागपाड्यासारख्या शहरी वस्तीत हे जमलं, पण खेड्यांचं काय? कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यातलं नंदिगड्डे हे गाव घ्या. तिथला पाऊस जूनपासून मैदानं बंद पाडतो. म्हणजे स्प्रिंगफील्डला ज्या गरजेतून हा खेळ सुचला, ती इथेही दरवर्षी उभी राहते. तरी डोंगरउतारावरच्या, बागायती-जंगलाच्या मुलखात पक्कं सपाट मैदान आणि वर छप्पर ही मोठ्या खर्चाची गोष्ट. वायएमसीएच्याच विल्यम मॉर्गनने १८९५मध्ये शेजारच्या होलिओकला काढलेल्या व्हॉलीबॉलला दोन खांब, एक जाळी आणि चेंडू पुरतो. म्हणून एकाच साखळीतून आलेल्या दोन खेळांपैकी तो खेड्यांत रुजला आणि बास्केटबॉल बहुतांशी शहरांत, शाळा-कॉलेजांच्या आवारात राहिला. याचा दोष खेड्यांतल्या मुलांच्या आवडीला देणं अन्यायाचं आहे. त्यांच्या तालुक्यात एक छप्पर असलेलं मैदान आणि पगारी क्रीडाशिक्षक का नाही, हा प्रश्न शिक्षण खात्याला विचारायला हवा.